अँग्लो-सॅक्सन, आर्य आणि आपले 'मूलनिवासी' रक्त



गेल्या महिन्यात कोल्हापुरात आमच्या अभ्यासवर्गात एका पोराने प्रश्न विचारला. पोरगा शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला निघालाय. तो म्हणाला, "पुस्तकात सारखा अँग्लो-सॅक्सन हा शब्द येतोय. अँग्लो-सॅक्सन कायदा, अँग्लो-सॅक्सन लोकशाही, अँग्लो-सॅक्सन भांडवलशाही. हे नेमके कोण लोक?" आमच्यातले एक जुने कार्यकर्ते लगेच म्हणाले, "अरं, इंग्रजांचं बामण त्ये." सगळे हसले. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "आणि आपण इथले मूलनिवासी. डीएनएनं सिद्ध झालंय." यावर कोणी हसले नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या माना आम्हाला खटकल्या, म्हणून हा लेख. जुन्या कार्यकर्त्यांचा विनोद अर्धा खरा होता. मागच्या रांगेतले वाक्य मात्र बाबासाहेबांच्या विचाराला सोडून होते आणि ते आपल्याच माणसाच्या तोंडून आले होते.

आधी शब्द बघू. रोमन सैन्य ब्रिटनमधून निघून गेल्यावर, पाचव्या शतकात, आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन, ज्यूट अशा टोळ्या ब्रिटनमध्ये आल्या. बीड नावाच्या भिक्षूने ७३१ साली लिहून पूर्ण केलेल्या इतिहासात ही नावे आहेत. तिथे आधीपासून राहणारे ब्रिटन लोक होते. आलेल्यांनी त्यांना काय म्हणावे? 'वेल्ह'. अर्थ परका. आजचे वेल्स आणि वेल्श हे शब्द त्यातूनच आले. घर ज्याचे, तोच परका ठरला! पुढे याच शब्दाला गुलाम असाही अर्थ चिकटला. वाचकहो, ऋग्वेदात शत्रूचे नाव म्हणून येणारा 'दास' हा शब्द पुढे गुलामाचा कसा झाला, ते आठवा. सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सच्या इने राजाने कायदे केले. माणूस मारला तर त्याच्या घरच्यांना किती भरपाई द्यायची याचे दर त्यात आहेत. जमीनजुमला असलेल्या वेल्श माणसाच्या जिवालाही सॅक्सनाच्या जिवापेक्षा कमी मोल लावलेले आहे. मनुस्मृती वाचलेल्या माणसाला हे नवे वाटायचे कारण नाही.

आणि 'अँग्लो-सॅक्सन' हा जोडशब्द? सामान्य माणूस स्वतःला असे काही म्हणवून घेत नव्हता. नवव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड राजाच्या सनदांमध्ये 'अँग्लो-सॅक्सनांचा राजा' अशी पदवी येते. डेन्मार्ककडून येणाऱ्या हल्लेखोरांशी लढताना अँगलांचा मुलूख आणि सॅक्सनांचा मुलूख एका गादीखाली आणायचा होता, त्यासाठी हा शब्द कामाला आला. तो दरबाराच्या लेखणीतला शब्द होता, रक्ताच्या तपासणीतला नव्हता.

१०६६ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरून नॉर्मन आले, त्यांनी इंग्लंड जिंकले आणि जमिनी आपसांत वाटून घेतल्या. कालचे जेते आता जित झाले. सहाशे वर्षांनी, १६४० च्या दशकात, राजाविरुद्ध उठलेल्या इंग्रज बंडखोरांनी हीच आठवण हत्यार म्हणून उचलली. आमचे सॅक्सन पूर्वज स्वतंत्र होते, राजा आणि जमीनदार ही नॉर्मन लुटारूंची अवलाद आहे, आमच्या मानेवरचे हे नॉर्मन जोखड काढा, असा तो युक्तिवाद. इतिहास म्हणून तो कच्चा आहे. सॅक्सनांच्या राज्यात गुलाम होतेच. पण दडपलेल्या माणसाला मान वर करायला त्याने बळ दिले, हे नाकारता येत नाही. पुढे थॉमस पेनने 'राइट्स ऑफ मॅन'मध्ये विल्यम राजाच्या या विजयाला जुलमाचे मूळ म्हटले. आणि ते पुस्तक तरुणपणी कोणी वाचले होते? आपल्या जोतीराव फुल्यांनी.

१८७३ ची 'गुलामगिरी' या प्रकाशात वाचा. इराणकडून आर्यभट आले, बळीराजाचे राज्य बुडवले, इथल्या रयतेला शूद्र-अतिशूद्र केले. युरोपातले पंडित आणि इथले भट आर्य शब्दाची पगडी घालून मिरवत होते. जोतीरावांनी ती पगडी उतरवली आणि तिच्या आत चोराची खूण दाखवली. तुम्ही बाहेरून आलात ना? मग तुम्ही लुटारू. ब्राह्मणांनी अभिमानाने सांगितलेली गोष्टच त्यांनी ब्राह्मणशाहीवर आरोपपत्र म्हणून ठेवली. पुस्तक अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी काम केले.

पण त्याच अमेरिकेत अँग्लो-सॅक्सन या शब्दाचे काय झाले, ते बघा. १७७६ मध्ये नव्या देशाची मुद्रा कशी असावी, यावर चर्चा चालली होती. जेफरसनने सुचवले की तिच्यावर हेंगिस्ट आणि हॉर्सा या दंतकथेतल्या सॅक्सन सरदारांची चित्रे असावीत. स्वातंत्र्य हे सॅक्सन रक्तातून आले, असे त्याला वाटत होते. स्वतः त्याच्याकडे शेकडो गुलाम होते! इंग्रज बंडखोराच्या हातात जो शब्द राजाविरुद्ध होता, तो इथे मालकाच्या हातात गेला. एकोणिसाव्या शतकात तर अँग्लो-सॅक्सन ही राज्य करायला जन्मलेली जात ठरली. आयरिश खालचे, रेड इंडियन नष्ट व्हायचेच, काळा माणूस नोकर. १९२२ मध्ये व्हर्जिनियात 'अँग्लो-सॅक्सन क्लब्ज ऑफ अमेरिका' निघाले. त्यांच्या रेट्याने १९२४ मध्ये वंशशुद्धीचा कायदा झाला. गोऱ्याने गोऱ्याशीच लग्न करायचे, रक्तात एक थेंबही दुसरा चालणार नाही. मात्र एक अडचण आली. व्हर्जिनियाची काही थोर घराणी पोकाहॉन्टस या रेड इंडियन स्त्रीचे वंशज म्हणून मिरवत होती. मग कायद्यातच सूट घातली, सोळाव्या हिश्श्यापर्यंत रेड इंडियन रक्त असेल तर माणूस गोराच! वंशावळी पैशाने आणि सोयीने कशा दुरुस्त होतात, हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. हा कायदा १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला.

याच काळात आपल्याकडचा आर्य तिथल्या अँग्लो-सॅक्सनाच्या दारात जाऊन उभा राहिला. ही गोष्ट प्रत्येक आंबेडकरी पोराला पाठ असली पाहिजे. भगतसिंग थिंड हे पंजाबातून अमेरिकेला गेलेले गृहस्थ. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या फौजेत होते. माणूस गदर चळवळीशी नाते असलेला, साम्राज्यविरोधी, त्याबद्दल आदरच आहे. पण नागरिकत्व गोऱ्यांनाच मिळत होते, म्हणून त्यांच्या बाजूने न्यायालयात काय मांडले गेले? हे उच्चवर्णीय आहेत, शुद्ध आर्य रक्ताचे आहेत. जातीच्या लग्नबंधनांमुळे हे रक्त शुद्ध राहिले आहे. लग्नाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवासीकडे ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो. म्हणजे, आम्हालाही तुमच्यासारखीच घाण वाटते, म्हणून आम्हाला तुमच्यात घ्या! वंशवादाविरुद्ध लढायची संधी होती, तिथे अस्पृश्यता पुरावा म्हणून पुढे केली. तीसुद्धा जातिभेद नाकारणाऱ्या गुरूंचा वारसा सांगणाऱ्या शीख माणसासाठी.

फेब्रुवारी १९२३ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की पंडितांचे शास्त्र काही म्हणो, सामान्य गोऱ्या माणसाला तुम्ही गोरे वाटत नाही. आणि वर अशीही पुस्ती जोडली की जातीचे नियम असूनही तुमच्याकडे मिसळ झालेलीच दिसते. इतकी लाचारी करून हाती काय आले? ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांतल्या अनेकांचेही काढून घ्यायला सुरुवात झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाबासाहेब लंडनहून मुंबईला परतले. पुढची तेहतीस वर्षे त्यांनी कुठल्या दारात उभे राहून 'आम्हीही तुमच्याच रक्ताचे' अशी याचना केली नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. १८९९ चा कार्तिक, पंचगंगेचा घाट. शाहू महाराज स्नानाला जातात, भटजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, आणि राजारामशास्त्री भागवत ते लक्षात आणून देतात. राजा झाला तरी शूद्रच! वेदोक्ताचा वाद पेटला. ऑक्टोबर १९०१ मध्ये टिळकांनी 'केसरी'त अग्रलेख लिहून महाराजांच्या मागणीला विरोध केला. १९०३ मध्ये याच टिळकांचे इंग्रजी पुस्तक आले, वेदकालीन आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होते असे सांगणारे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. आर्य म्हणून स्वतःचे घर थेट ध्रुवापर्यंत पोचवायचे आणि पंचगंगेवर उभ्या असलेल्या छत्रपतींना वेदाचा एक मंत्र द्यायचा नाही. (पुढे गोळवलकरांची पंचाईत झाली. आर्य बाहेरून आले म्हटले की हिंदुराष्ट्र कोसळते. मग त्यांनी तोडगा काढला की त्या काळी उत्तर ध्रुवच बिहार-ओरिसाच्या भागात होता. आम्ही विनोद करत नाही, १९३९ च्या त्यांच्या पुस्तकात आहे.)

महाराजांनी उत्तर काय दिले? राजोपाध्यांची वतने जप्त केली, क्षत्रियत्वाचा आग्रह धरला, पुढे आर्य समाजालाही कोल्हापुरात जागा दिली. आम्हाला विचाराल तर ती वाट अर्धीच होती. क्षत्रिय म्हणून मान्यता मागणे म्हणजे दरवाज्यावरचा पहारेकरी मान्य करणे. पण महाराजांचे खरे उत्तर दुसरेच आहे. २६ जुलै १९०२. महाराज एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेत आहेत, अँग्लो-सॅक्सन अभिमान भरात आहे, आणि इकडे करवीर गॅझेटमध्ये हुकूम प्रसिद्ध होतो. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागास वर्गांना. मागास कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे.

मित्रहो, ही यादी नीट वाचा. आम्ही ती कितीतरी वर्षे भाषणात नुसती म्हणत आलो, वाचली नव्हती. त्यात पारशी आहेत. हजार वर्षांपूर्वी इराणातून आलेले, वर्णव्यवस्थेत नसलेलेच. त्यात प्रभू आहेत. त्याच प्रभूंना वेदोक्तासाठी ब्राह्मणांनी पिढ्यान्‌पिढ्या छळले होते आणि महाराजांचे दिवाण सबनीस स्वतः प्रभू होते. तरी ते यादीत. कारण हुकुमाने आर्य कोण, अनार्य कोण, आधी कोण आले, नंतर कोण आले, हे विचारलेच नाही. शाळेत कोण गेला, कचेरीत कोण बसला, एवढेच विचारले. कोल्हापूरच्या गॅझेटात रक्ताचा एक थेंब नाही. म्हणूनच तो हुकूम आरक्षणाचा पाया होऊ शकला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत महाराजांनी आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली आणि नात्यातल्या मुलीचे लग्न इंदूरच्या होळकरांकडे, धनगर घरात, ठरवले. व्हर्जिनियाच्या क्लबांची बरोबर उलटी दिशा.

बाबासाहेब याच वाटेने बरेच पुढे गेले. १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधात ते म्हणतात की या देशात अनेक वंशांची मिसळ झालेली आहे, आणि जात म्हणजे त्या मिसळीवर घातलेली जातीतल्या जातीत लग्नाची बंदी. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये सांगतात की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत. १९४६ चा 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्य-वंशाचा सिद्धान्त फेटाळला. गुरूला वंदन करून गुरूच्या पुढे जाणे म्हणजे काय, ते इथे शिकावे. ब्राह्मणांना हा सिद्धान्त का प्रिय आहे, तेही त्यांनी तिथेच सांगितले. युरोपियनांशी नाते जोडता येते आणि बाकीच्या हिंदूंवर जेत्याचा रुबाब दाखवता येतो. १९४८ मध्ये अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी मालवणच्या घुर्ये यांची नाकांची मोजमापे घेतली. रिस्ले साहेब म्हणत होता की नाक जितके रुंद तितकी जात खालची. बाबासाहेबांनी मोजमापे मांडून दाखवले की या शास्त्रावर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात.

आता डीएनए. २००१ चा बामशाद यांचा अभ्यास आपल्या सभांमधून फार फिरला. पुरुषाकडून येणाऱ्या वारशात उच्च जाती युरोपियनांना जास्त जवळच्या दिसतात, हे त्यात आहे. पण आईकडून येणारा वारसा सगळ्याच जातींत मुख्यतः आशियाई आहे, हेही त्यातच आहे. ते भाषणात का येत नाही? २०१३ मध्ये आणखी मोठा अभ्यास आला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथे प्रचंड मिसळ झाली, जवळजवळ प्रत्येक समूहात, भिल्ल आणि चांभार समूहांतसुद्धा, आणि नंतर ती थांबली. लग्ने आपापल्या समूहात कोंडली गेली. हे वाचून आम्हाला १९१६ चा निबंधच परत वाचल्यासारखे वाटले. प्रयोगशाळेने मूलनिवासी शोधला नाही, तिने बाबासाहेबांनी सांगितलेली लग्नबंदी शोधली.

इथे एक शंका येईल. आर्य आलेच नाहीत असे तर संघवालेही म्हणतात, मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय? फरक मोठा आहे. गवताळ प्रदेशातून लोक आले, हे २०१९ च्या संशोधनाने अधिक पक्के झाले आहे, आम्ही ते नाकारत नाही. इंग्लंडमध्येही २०२२ च्या अभ्यासात सॅक्सन स्थलांतर खरे निघाले. प्रश्न आले की नाही हा नाही. आल्यामुळे कोणी उंच होतो का, आणि आधी असल्यामुळे कोणी पवित्र होतो का, हा आहे. संघाला स्थलांतर नाकारून जात निरागस ठरवायची आहे आणि मुसलमानाला परका ठरवायचे आहे. आणि आपण? 'मूलनिवासी' म्हणून दुसऱ्याला परका ठरवण्याचे तेच यंत्र आपण आपल्या अंगणात आणून बसवतोय.

शिवाय हे यंत्र आपल्याच प्रश्नांवर बंद पडते. खैरलांजीत २००६ साली भोतमांगे कुटुंबाला संपवणारे कोण होते? गावातलेच, बहुजन जातींतले. या हिशोबाने तेही मूलनिवासीच. रक्त त्यांना थांबवायला आले नाही. पायरीपायरीच्या विषमतेत प्रत्येकाला पाय ठेवायला खालची मान लागते, हे बाबासाहेबांनी सांगितलेले सूत्र तिथे लागू पडते. मूलनिवासी हा शब्द या पायऱ्यांवर चादर टाकतो. एका मंचावर सगळे भाऊ, आणि मुलीने खालच्या जातीत लग्न केले की कोयता.

जोतीरावांचे नाव घेऊन जे रक्ताची भाषा बोलतात, त्यांना एकच विचारायचे आहे. जोतीराव-सावित्रीमाईंनी दत्तक घेतलेला यशवंत कोणाचा होता? एका ब्राह्मण विधवेचा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव कोणी मांडला? गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. ब्राह्मणांना बाहेर ठेवा, ही अट जेधे-जवळकरांनी घातली तेव्हा बाबासाहेबांनी ती मानली नाही. ब्राह्मण्याशी वैर, जन्माशी नाही.

इंग्लंड-अमेरिकेतले जुन्या इंग्रजीचे अभ्यासकही २०१९ मध्ये या प्रश्नाशी येऊन थडकले. गोऱ्या वंशवाद्यांनी शब्द इतका नासवला की त्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या नावातून 'अँग्लो-सॅक्सन' काढून टाकला. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या काही कडव्या खासदारांच्या गटाचा मसुदा बाहेर आला, तर त्यात पुन्हा अँग्लो-सॅक्सन राजकीय परंपरेचा जप! म्हणजे शब्द अजून मेलेला नाही. लोकशाही ही सॅक्सन रक्ताची देणगी, हा त्या जपाचा गाभा. बाबासाहेब ग्रेज इनमध्ये इंग्रजांचा कायदा शिकले, पण २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी सांगितले की संसदीय कामकाजाचे नियम भिक्खू संघाला माहीत होते. ठराव, मतदान, गणसंख्या, सगळे. ही पद्धत संघात शिकावी लागत होती, जन्मतः मिळत नव्हती.

आणि आर्य शब्दाचे काय करायचे, तेही भगवंतांनी करून ठेवले आहे. त्यांनी तो फेकला नाही, त्यातले रक्त काढून टाकले. चार आर्य सत्ये, आर्य अष्टांगिक मार्ग. ज्याने तो मार्ग धरला तो अरिय. न्हावी असलेला उपाली आणि लोकांची बोटे तोडणारा अंगुलिमाल, दोघेही त्या वाटेवर अरिय झाले. आपण रोज वंदना घेतो, धम्माच्या पुस्तकात आर्य हा शब्द वाचतो, आणि बाहेर येऊन 'आर्य विदेशी' म्हणून घोषणा देतो. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हे घोषणा देणाऱ्यांनी आम्हाला एकदा समजावून सांगावे.

तो पोरगा सप्टेंबरात जाईल. तिथल्या अर्जात वंशाचा रकाना असेल, त्यात तो 'भारतीय' या चौकटीत खूण करेल. जातीचा रकाना बहुतेक नसेल, पण तिथे भेटणारे आपले मराठी बांधव आडनाव विचारून तो भरून घेतीलच. त्याच्या आधी आम्ही दोन रविवार 'शूद्र पूर्वी कोण होते' मधली 'शूद्र विरुद्ध आर्य' आणि 'आर्य विरुद्ध आर्य' ही दोन प्रकरणे वाचणार आहोत. बिंदू चौकात, जोतीराव आणि बाबासाहेबांच्या पुतळ्यांपाशी, सकाळी नऊला जमायचे आहे. मागच्या रांगेतल्या भावाला खास निमंत्रण आहे. त्याने डीएनएचे कागद घेऊन यावे, आम्ही १९०२ च्या गॅझेटची प्रत आणतो.